प्रकल्प नोंदी: ४,२९,४९,६७,२९७ या संख्येचं गुणधर्मपत्रक

३ जून २०२४ – पत्रकात काय हवं

संख्या ४२९४९६७२९७. वाचायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. तिचं खरं रूप २^३२ + १ (या नोंदींत ^ म्हणजे घात). फर्मा संख्यांच्या, म्हणजे २^(२^न) + १ या रूपाच्या संख्यांच्या माळेत ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांच्या नंतरची ही. माळ शून्यापासून मोजतात, म्हणून हिचं नाव फ५.

पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. त्या जोरावर माळेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असं फर्माने १६४० च्या सुमाराच्या पत्रांतून कळवलं होतं. १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला या विधानाबद्दल विचारलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा विभाजक दाखवला. इतिहास पत्रकात एवढाच येईल.

कामाची अट एकच. पत्रकातला प्रत्येक गुणधर्म कागद-पेनाने पडताळता आला पाहिजे, यंत्र फक्त फेरतपासणीला. कुठल्याही गणिती आज्ञावलीला विचारलं तर अवयव पापणी लवायच्या आत मिळतात: ६४१ × ६७००४१७. पण ६४१ च का, आणि उरलेला सात अंकी अवयव मूळ आहे हे कशावरून, याचं उत्तर त्या एका ओळीत नसतं. ते २^३२ + १ या रूपात आहे, आणि पत्रकाचा भर तिथेच ठेवायचा.

५ जून – यंत्रात संख्या ठेवताना

गुणधर्मांना हात लावण्याआधी हे नोंदवून ठेवणं बरं, कारण फ५ नेमकी यंत्राच्या उंबरठ्यावर बसलेली संख्या आहे.

३२ बिटांच्या बिनचिन्ह पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५. आपली तिच्याहून २ ने मोठी. त्या खणात ती घातली की १ उरतो आणि कुठलीही तक्रार न करता कार्यक्रम पुढे चालतो. अवयव शोधणारं आवर्तन १ वर लगेच थांबतं आणि ‘विभाजक नाही’ असं सांगून मोकळं होतं.

पायथनमध्ये घाताचं चिन्ह म्हणून ^ वापरलं तर २^३२+१ चं उत्तर ३५ येतं. तिथे ते चिन्ह बिटांच्या ‘एक्सॉर’चं आहे आणि बेरीज त्याच्या आधी होते, म्हणजे २ आणि ३३ यांचा एक्सॉर. घातासाठी दोन चांदण्या द्याव्या लागतात. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये १ हा अंक ३२ घरं डावीकडे सरकवला तर तो आहे तिथेच राहतो, कारण सरकवण्याच्या आकड्यातले फक्त शेवटचे पाच बिट बघितले जातात. मग ‘२^३२ + १’ ऐवजी २ मिळतो.

यापेक्षा लबाड चूक ६४ बिटांची. फ५ ने भागल्यावर येणाऱ्या बाक्या ० पासून २^३२ पर्यंत असतात. २^३२ − १ किंवा त्याखालच्या कुठल्याही बाकीचा वर्ग ६४ बिटांत मावतो. एकटी २^३२ ही बाकी मावत नाही: तिचा वर्ग २^६४, तो खणात पडतो तेव्हा ० होतो. म्हणजे चार अब्जांवर बाक्यांपैकी फक्त एक बिघडते, आणि मनाला येतील ते आकडे टाकून केलेल्या चाचणीत ती जवळजवळ कधीच सापडणार नाही. पण २ पायाच्या मूळत्वाच्या चाचणीत (२ पासून लागोपाठ वर्ग करत बाक्या बघायच्या, १९ जूनची नोंद) हीच बाकी हमखास येते: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पुढचा वर्ग १ यायला हवा, येतो ०, आणि मग शेवटपर्यंत ०. उपाय सोपा आहे. मधला गुणाकार १२८ बिटांत करावा, किंवा २^३२ ला सरळ −१ म्हणून धरावं (ती भाजकापेक्षा, म्हणजे फ५ पेक्षा १ ने कमी आहे).

तक्त्याच्या आज्ञावल्या १५ अंकांपुढे अचूक राहत नाहीत. आपल्याला लागणारे काही वर्ग १९ अंकी आहेत, तेव्हा तिथे हे काम करू नये.

८ जून – विभाजकाचा आकार

पत्रकाचा गाभा हाच.

समजा प हा फ५ चा मूळ विभाजक आहे. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१, आणि २^६४ ची बाकी १. याचा अर्थ २ चे घात घेत गेलं की बाकी १ पहिल्यांदा येते ती बरोबर ६४ व्या घाताला. त्याआधी येणार नाही. आधी आली असती तर तो घातांक ६४ चा विभाजक, म्हणजे ३२ किंवा त्याखालचा २ चा घात असता, आणि मग २^३२ ची बाकी १ झाली असती. ती तर −१ आहे. या घातांकाला २ ची ऑर्डर म्हणतात. फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार ऑर्डर प − १ ला भागते. म्हणून प = ६४क + १.

ऑयलरने एवढ्यावर काम भागवलं. १८७८ मध्ये ल्युकाने आणखी एक पायरी चढवली. प ला ८ ने भागून बाकी १ येत असेल तर २ हा प च्या हिशेबात कुठल्या तरी संख्येचा वर्ग असतो. त्या संख्येची ऑर्डर ६४ च्या दुप्पट, म्हणजे १२८. म्हणून प = १२८क + १.

याने किती काम वाचतं ते बघण्यासारखं आहे. २ पासून एकेक मूळ संख्या घेत भागत गेलं तर ६४१ ही ११६ वी. ६४क + १ या आकाराच्या मूळ संख्या घेतल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१, म्हणजे पाचवा भागाकार लागू पडतो. १२८क + १ घेतलं तर १२९ = ३ × ४३ बाद, २५७ मूळ, ३८५ = ५ × ७ × ११ बाद, ५१३ = २७ × १९ बाद, ६४१ मूळ. उरल्या दोनच. त्यातही २५७ स्वतः फर्मा संख्या आहे आणि दोन वेगळ्या फर्मा संख्यांचा मसावि नेहमी १ असतो: आधीच्या सगळ्यांच्या गुणाकारात २ मिळवले की पुढची मिळते, आणि सगळ्या विषम आहेत. म्हणजे २५७ ला भागून बघायचंही कारण नाही. पहिलाच खरा भागाकार ६४१ चा.

हे वाचल्यावर फर्माला ते कसं सुटलं असा प्रश्न पडतोच. प्रमेय त्याचं, संख्या त्याची. पत्रकात यावर तर्क लढवायचे नाहीत.

९ जून – ६४१

भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे दाखवता येतं. ६४१ दोन तऱ्हांनी लिहायचा:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी −१. त्याचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी ०.

तपासणीचा गुणाकार: ६७००४१७ × ६०० = ४०२०२५०२००, × ४० = २६८०१६६८०, × १ = ६७००४१७. बेरीज ४२९४९६७२९७.

१२ जून – ६७००४१७ मूळ आहे

बऱ्याच ठिकाणी हा अवयव नुसता लिहून पुढे जातात. पत्रकात त्याचा पुरावा हवा, आणि तो अपेक्षेपेक्षा स्वस्तात मिळतो.

६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ यांच्या मध्ये (२५८८² = ६६९७७४४). संख्या संयुक्त असेल तर २५८८ पर्यंत तिचा एखादा मूळ विभाजक असलाच पाहिजे. तो फ५ चाही विभाजक ठरणार, म्हणून १२८क + १ याच आकाराचा. ६४१ च्या खालचे सगळे बाद झालेच आहेत. उरलेले उमेदवार, क = ५ ते २०:

६४१, ७६९, ८९७, १०२५, ११५३, १२८१, १४०९, १५३७, १६६५, १७९३, १९२१, २०४९, २१७७, २३०५, २४३३, २५६१.

यांतल्या बहुतेकांची वासलात लगेच लागते. ८९७, १२८१, १६६५, २०४९, २४३३ यांना ३ ने भाग जातो. १०२५ आणि २३०५ ला ५ ने. २१७७ ला ७ ने. थोडं थांबून बघावे लागणारे चार: १५३७ = २९ × ५३, १७९३ = ११ × १६३, १९२१ = १७ × ११३, २५६१ = १३ × १९७. यादी करताना चूक होते ती इथेच. १५३७ आणि १९२१ घाईत मूळ वाटतात. तसं धरलं तरी पुरावा बिघडत नाही, दोन भागाकार जास्तीचे पडतात इतकंच.

शिल्लक चार मूळ संख्या आणि चार भागाकार:

६७००४१७ = ६४१ × १०४५३ + ४४
६७००४१७ = ७६९ × ८७१३ + १२०
६७००४१७ = ११५३ × ५८११ + ३३४
६७००४१७ = १४०९ × ४७५५ + ६२२

एकाही ठिकाणी बाकी शून्य नाही. ६७००४१७ मूळ. आकाराची माहिती नसती तर २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागलं असतं.

१९ जून – मूळत्वाच्या चाचण्या

विभाजक माहीत नाही असं धरून चाचण्या लावल्या. साधी चाचणी फर्माची: संख्या न मूळ असेल तर पाया^(न−१) ला न ने भागून बाकी १ यायला हवी. मिलर–राबिनची त्याहून कडक. पत्रकासाठी तीन निकाल.

पाया २: फ५ उत्तीर्ण. तो आपोआपच होतो. फ५ − १ म्हणजे २^३२, आणि २^३२ ची बाकी −१ आहे हे तर संख्येच्या व्याख्येतच आहे. मिलर–राबिनची कडक चाचणीही ती २ पायाने पार करते. म्हणजे फ५ ही २ पायाची कडक छद्ममूळ संख्या (संयुक्त असूनही या चाचणीला मूळ भासणारी). हा निकाल फर्मा संख्यांबाबत काहीही सांगत नाही, संयुक्त असोत वा मूळ. पायाला ४, ८, १६ घेणं म्हणजे तेच पुन्हा करणं.

पाया ३: इथे पेपँची चाचणी (१८७७) उपयोगी. ३ सोडून कुठलीही फर्मा संख्या फ मूळ असेल तर, आणि तरच, ३^((फ−१)/२) ची बाकी −१ येते. फ५ साठी ३^(२^३१) काढायचा, म्हणजे ३ चे लागोपाठ ३१ वेळा वर्ग. प्रत्येक वेळी मोठा भागाकार करायची गरज नाही. २^३२ म्हणजे −१, म्हणून वर्ग ३२ बिटांपाशी कापायचा आणि वरचा भाग खालच्यातून वजा करायचा. ऋण आलं तर फ५ मिळवायचा. जवळून एक पायरी:

३^१६ = ४३०४६७२१
वर्ग = १८५३०२०१८८८५१८४१
वरचा भाग (२^३२ ने भागून पूर्णांक) = ४३१४३९
खालचा भाग = ३७९३६३२८९७
३^३२ ची बाकी = ३७९३६३२८९७ − ४३१४३९ = ३७९३२०१४५८

एकतिसाव्या वर्गानंतर बाकी येते १०३२४३०३. ती ४२९४९६७२९६ असायला हवी होती. नाही, म्हणून फ५ संयुक्त, आणि तेही एकही विभाजक न शोधता. आणखी एक वर्ग केला की ३०२९०२६१६०, जो १ नाही, म्हणजे फर्माच्या साध्या चाचणीतही ३ पायाने ती पकडली जाते.

एकतीस वर्गांच्या साखळीत कुठेतरी अंक सुटण्याची भीती असते. त्यावर ६४१ चाच पहारा बसवावा. ६४१ च्या हिशेबात ३ चे घात छोटे राहतात: ३^८ → १५१, ३^१६ → ३६६, ३^३२ → ६२८, ३^६४ → १६९, ३^१२८ → ३५७. वर आलेल्या ३७९३२०१४५८ ला ६४१ ने भागलं की बाकी ६२८. जुळलं. शेवटच्या उत्तरासाठी: २^३१ ला ६४० ने भागल्यावर बाकी १२८, म्हणून १०३२४३०३ ला ६४१ ने भागून ३५७ यायला हवी, आणि येतेही.

पाया ७: ४७५९१२३१४१ च्या खालच्या संख्यांसाठी २, ७, ६१ हे तीन पाये मिलर–राबिनला पुरतात, हा ठरलेला निकाल आहे. फ५ त्या मर्यादेच्या आत बसते, २ ला फसवते आणि ७ ला सापडते. ७^(२^३२) ला ६४१ ने भागल्यावर बाकी ४७२, तेव्हा ती १ असण्याचा प्रश्नच नाही.

२४ जून – अवयव काढण्याच्या पद्धती, चांगल्या आणि कुचकामी

फर्माची वर्गांच्या वजाबाकीची पद्धत इथे सपशेल आडवी होते. फ५ = ३३५०५२९² − ३३४९८८८². शोध ६५५३७ पासून एकेक वाढवत सुरू होतो, म्हणजे ३२,८४,९९३ संख्या तपासल्यावर उत्तर. अवयव एकमेकांच्या जवळ असले तर ही पद्धत झटपट चालते. इथे एक तीन अंकी, दुसरा सात अंकी.

पोलार्डच्या प−१ पद्धतीत पायाचा मोठा घात घेऊन त्यातून १ वजा करतात आणि संख्येशी मसावि काढतात; प − १ चे अवयव छोटे असले की विभाजक प सापडतो. ती कागदावर आदर्श वाटते, कारण ६४१ − १ = ६४० = २^७ × ५. पण पाया २ घेतला तर ती मुकाट्याने नापास होते: २ ची ऑर्डर दोन्ही अवयवांच्या हिशेबात ६४ च आहे, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी जाळ्यात येतात आणि मसावि म्हणून अख्खी फ५ परत मिळते. बऱ्याच तयार आज्ञावल्यांमध्ये पाया २ च ठेवलेला असतो. ३ घेतला की ३^६४० − १ आणि फ५ यांचा मसावि बरोबर ६४१ येतो. दुसऱ्या अवयवातून १ वजा केला तर ६७००४१६ = २^७ × ३ × १७४४९, त्यात १७४४९ ही मूळ संख्या आहे, म्हणून तो एवढ्या लवकर अडकत नाही.

पोलार्डची ऱ्हो: २ पासून सुरू करून दर वेळी क्ष च्या जागी क्ष² + १ घ्यायचा; विभाजकाच्या हिशेबात माळ पुन्हा त्याच आकड्यावर आली की दोन पदांच्या फरकाचा मसावि तो विभाजक देतो. ६४१ च्या हिशेबात माळ अशी: २, ५, २६, ३६, १५, २२६, ४३८, १८६, ६२४, २९०, १३०, २३५, १००, ३८६, २८५, ४६०, ७१, ५५५, ३४६, ४९१, ६६, ५११, २३५. शून्यापासून मोजलं तर ११ व्या आणि २२ व्या जागी २३५. शेपूट ११, वळसा ११, म्हणून एक पट आणि दुप्पट वेगाने चालणारे दोन पाय अकराव्या फेरीतच गाठ घेतात. १३० आणि ५११ यांची बेरीज ६४१, त्यामुळे दोघांचे वर्ग सारखे आणि वळसा तिथे बंद होतो. १९८० मध्ये ब्रेंट आणि पोलार्ड यांनी फ८ फोडली ती याच पद्धतीने, मात्र क्ष² ऐवजी क्ष चा मोठा घात घेऊन, म्हणजे विभाजकाच्या आकाराचा फायदा तिथेही उठवून.

१ जुलै – दोन वर्गांची बेरीज

फ५ = ६५५३६² + १² हे उघडच आहे. मूळ संख्येला असं एकाच तऱ्हेने लिहिता येतं. दुसरी तऱ्हा सापडली की संख्या संयुक्त. आणि ती आहे:

फ५ = ६२२६४² + २०४४९²

आंधळेपणाने शोधायची तर विषम संख्या १ पासून घेत जायचं. २०४४९ ही १०,२२५ वी विषम संख्या. चाळणी लावली तर ओझं उतरतं. १६ ने भागून बघितलं की विषम वर्गाची संख्या ८म ± १ याच रूपाची हवी, ती ३ ची पट नको, आणि शेवटचा अंक १ किंवा ९ हवा. साधारण १,३६० उमेदवार उरतात. तरीही ६४१ ने भागण्याच्या मानाने हा द्राविडी प्राणायामच. पत्रकात ही तऱ्हा अवयवांकडून यावी:

६४१ = २५² + ४²
६७००४१७ = २५५६² + ४०९²

ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ या रीतीने (दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिणं) दोन्हींचा गुणाकार: २५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६; बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. २५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४; वजाबाकी १, बेरीज २०४४९. जोड्या लावताना बेरजेबरोबर वजाबाकी आणि वजाबाकीबरोबर बेरीज घ्यायची. नेमकी इथेच अदलाबदल होते, तेव्हा वर्ग करून बेरीज तपासावी.

उलटा रस्ता ऑयलरचा. सम पदांची वजाबाकी ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, विषम पदांची २०४४९ − १ = २०४४८. मसावि ८. भागल्यावर ४०९ आणि २५५६, म्हणजे मोठ्या अवयवाचे वर्ग थेट हातात. तसंच बेरजा १,२७,८०० आणि २०,४५०, मसावि ५०. आता ८ आणि ५० यांची निम्मी ४ आणि २५: ४² + २५² = ६४१. हा हिशेब पत्रकात पूर्ण द्यायचा, गाळायचा नाही.

याच तऱ्हांवरून कर्ण फ५ असलेले काटकोन त्रिकोण मिळतात. एकूण चार, त्यांपैकी सामाईक अवयव नसलेले दोन: (४२९४९६७२९५, १३१०७२) आणि (३४५८६४४०९५, २५४६४७३०७२).

४ जुलै – नेहमीची फलने आणि शेजार

विभाजक चार: १, ६४१, ६७००४१७, फ५. त्यांची बेरीज ४३०१६६८३५६, म्हणजे स्वतःला वगळून ६७०१०५९, संख्येच्या मानाने किरकोळ. फ५ शी सहमूळ असलेल्या लहान संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. कारमायकेलचं फलन ६४० आणि ६७००४१६ यांचा लसावि, ३३५०२०८०. आधीच्या संख्येला त्याने भागलं की बरोबर १२८. पुन्हा तोच १२८.

शेजारी दोन घरं मागे ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. पाचही माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्यांचा हा गुणाकार. गाउस आणि वांत्सेल (१८३७) यांच्या निकषाने (बाजूंच्या संख्येचे विषम मूळ अवयव वेगवेगळ्या फर्मा संख्या हव्यात) इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो, आणि बाजूंची संख्या विषम असलेल्यांत माहीत असलेला सर्वांत मोठा हाच. फ५ बाजूंचा मात्र काढता येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही. सगळ्यांत जवळच्या मूळ संख्या खाली ४२९४९६७२९१ आणि वर ४२९४९६७३११.

द्विमान रूपात ३३ अंक: दोन टोकांना १, मध्ये ३१ शून्यं. पाया २, ४, १६, २५६, ६५५३६ यांत ती उलटसुलट सारखीच. पाया ८ मध्ये नाही (तिथे रूप ४०००००००००१, सुरुवातीला ४ आणि शेवटी १), कारण ३२ ला ३ ने भाग जात नाही.

९ जुलै – दशमान अंकांचे गुण

हे गुण संख्येचे कमी आणि आपल्या दहा बोटांचे जास्त, म्हणून पत्रकात वेगळ्या चौकटीत. पण देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) अंकांच्या या खेळाला जे रूप दिलं ते मराठी वाचकाच्या ओळखीचं, तेव्हा वगळायचं नाही.

अंकांची बेरीज ५९. फ५ चे विभाजक चारच, त्यांत ५९ नाही, म्हणून हर्षद संख्या (स्वतःच्या अंकबेरजेने भाग जाणारी) नाही. कापरेकर संख्याही (जिच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते) नाही. वर्ग १८४४६७४४०८२२९९४८६२०९ मधोमध तोडला तर १८४४६७४४०८ + २२९९४८६२०९ = ४१४४१६०६१७. खरं तर वर्ग करायचीही गरज नव्हती: कापरेकर संख्येला ९ ने भागून ० किंवा १ बाकी यावी लागते, इथे ५ येते.

स्वयंभू आहे का? म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून फ५ तयार होत नाही, असं आहे का? अंकबेरजेला ९ ने भागून बाकी ७ हवी, म्हणून ७, १६, २५, ३४, ४३, ५२, ६१, ७०, ७९, ८८ एवढ्याच शक्यता. प्रत्येक फ५ मधून वजा करून बघितली तर दहाही वेळा उत्तराच्या अंकांची बेरीज ५२ च येते. म्हणून जनक एकच: ४२९४९६७२४५ + ५२ = ४२९४९६७२९७. स्वयंभू नाही.

१/६४१ चं आवर्तन ३२ अंकी: ००१५६००६२४०२४९६० आणि पुढचे सोळा ९९८४३९९३७५९७५०३९. वरचा-खालचा अंक मिळवला की सगळीकडे ९. कारण १०^१६ + १ ला ६४१ ने भाग जातो: १०^४ → ३८५, १०^८ → १५४, १०^१६ → ६४०.

१० जुलै – पुढची संख्या

हाच साचा फ६ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ला लावायचा का, यावर. अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. लांद्रीने १८८० मध्ये जाहीर केले. इथे विभाजक २५६क + १ आकाराचे, आणि २७४१७७ साठी क = १०७१. संयुक्त उमेदवार गाळले तर हाताने होण्यासारखं आहे, चिकाटी हवी. पण दुसरा अवयव मूळ असल्याचा पुरावा १२ जूनच्या रीतीने करायचा तर ८२ लाखांच्या पुढे जावं लागतं, म्हणजे क सुमारे ३२ हजारांपर्यंत. तो भाग यंत्रावर सोपवावा लागेल, आणि तिथे ६४ बिटांचा खण बाकी ठेवायलाही अपुरा: फ६ स्वतःच त्यात मावत नाही.